चित्रचोरी आणि खून असलेली मालिका सुचवा (मदत हवी आहे)

बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयातल्या चोरीवरची चार भागांची माहितीमालिका नुकतीच संपवली. १८ मार्च १९९०, पोलिसांच्या वेशातले दोघे, ८१ मिनिटं, १३ कलाकृती गायब. आजतागायत एकही हाती लागलेली नाही! रेम्ब्राँची दोन मोठी चित्रं तर चौकटीतून कापून नेली. त्या रिकाम्या चौकटी अजून भिंतीवर आहेत.

आता याच धर्तीची, पण काल्पनिक गुन्हेमालिका हवी आहे. सोबत एखादा खून असला तर सोन्याहून पिवळं. फक्त लेझर किरणांखालून सरपटणारे चोर नकोत, त्यांचा वीट आलाय. इतकं गाजलेलं चित्र उघड विकता येत नाही, मग त्याचं पुढे काय करतात, हे नीट दाखवलेलं असावं. आईसोबत बघायची आहे, त्यामुळे रक्तपात बेताचा (बाबांना चालतो, पण रिमोट आईकडे). भाषा कुठलीही चालेल, सबटायटल्स मात्र हवीत.

आणि इथे कुणी चित्रकार असतील तर एक शंका: मालिकांत चोर कॅनव्हास खुशाल गुंडाळून नळीत कोंबतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तैलरंग त्यात तडकत नाही का?