मदत हवी आहे: पॅकेजिंगच्या कचऱ्याची जबाबदारी नक्की कोणाची?

मंडळी, एका विषयावर नीट मत बनवायचंय पण अडकलेय. रिसायकल होणाऱ्या पॅकेजिंगची जबाबदारी कंपनीची की वापरणाऱ्याची? कचरा वेगळा करून देणं आपलं काम आहेच, त्यात वाद नाही. पण खाऊच्या कितीतरी पाकिटांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सहसा रिसायकल होतच नाहीत, काळे प्लास्टिकचे ट्रे तर सॉर्टिंग मशीनच्या इन्फ्रारेड सेन्सरला बऱ्याचदा दिसतच नाहीत, मग ग्राहकाने कितीही मनापासून वेगळं केलं तरी काय उपयोग? शिवाय बाटलीखाली त्रिकोणात जो 1 ते 7 आकडा असतो तो फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, पण लोकांना वाटतं की हे रिसायकल होणारच! हे सगळं ठरवते कंपनी, म्हणून मला तरी मोठा वाटा तिचाच वाटतो.

जर्मनीने 1991 मध्येच कायदा करून पॅकेजिंग परत घ्यायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, आणि बाटल्यांवर डिपॉझिट पण आहे, म्हणजे परत आणून देणं ग्राहकाकडे. हे मला पटतं.

पण पॅकेजिंग परत घ्यायचा खर्च कंपनीने किमतीत घातला तर शेवटी भरणार आपणच ना? मग तिला डिझाइन बदलावंसं का वाटेल? रिसायकल व्हायला अवघड पॅकेजिंगसाठी कंपनीकडून जास्त फी घेतली तर खरंच फरक पडतो का? पॅकेजिंग किंवा कचरा वर्गीकरणात काम करणारं कोणी असेल तर प्लीज जरा सविस्तर सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.