तलाठ्याच्या पदावर अभियंता : समाधान टिकते का?

सांजवारा
महाराष्ट्रात २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. अट कोणत्याही शाखेच्या पदवीची, पण अर्जदारांत अभियंते, एमबीए आणि पीएचडीधारकही होते. माझ्या मते अशा उमेदवाराला जमिनीच्या मालकीचे फेरफार नोंदवण्यात आणि शेतसारा वसूल करण्यात फार काळ गोडी वाटणार नाही. पगाराची हमी असली तरी शिक्षण वाया गेल्याची बोच वाढत जाते आणि ती शेवटी दाखल्यासाठी ताटकळणाऱ्या शेतकऱ्यावर निघते. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये, पदवी लपवून बँकेच्या शिपाईपदासाठी निवडल्या गेलेल्या उमेदवाराच्या विरोधातच निकाल दिला.

बांधावरून
तो निकाल येथे गैरलागू आहे. त्या जाहिरातीत पदवीधर चालणार नाहीत असे स्पष्ट लिहिले होते आणि उमेदवाराने माहिती दडवली होती. समाधानाचा प्रश्न तेथे नव्हताच. मी स्थापत्य अभियंता असून सजा, म्हणजे तलाठ्याच्या ताब्यातील गावांचे क्षेत्र, सांभाळतो. गारपिटीनंतर द्राक्षबागेत कृषी सहायकासह पंचनामा करताना नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे की खाली, यावर मदत मिळणे न मिळणे ठरते, आणि बागायतदार शेजारी उभा राहून आमच्या कागदाकडे पाहत असतो. अशा वेळी पदवीचे दुःख करायला उसंत नसते. जीव मेटाकुटीला येतो तो ई-फेरफारचा सर्व्हर बसल्यावर आणि शेजारच्या सजेचा अतिरिक्त कार्यभार गळ्यात पडल्यावर. ते बारावी शिकलेल्यालाही तितकेच जाचले असते.

सांजवारा
गारपीट रोज होत नाही. उरलेल्या दिवसांचे काय? शिवाय तुमच्यासारखे अनेक जण राज्यसेवेचा अभ्यास करत ही नोकरी थांबा म्हणून वापरतात आणि निघून गेले की तोच अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याच्या गळ्यात पडतो.

उंबरठा
एर्दोगान आणि बाउअर यांनी तुर्कस्तानातील कपड्यांच्या दुकानांतील विक्रेत्यांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपली पात्रता कामापेक्षा जास्त आहे असे वाटणाऱ्यांचे समाधान घटते, पण कामात स्वतःचा अधिकार जाणवला तर ही घट सौम्य होते, असे त्यात दिसले. दुकान आणि सजा यांत अंतर आहेच, तरी सांजवारा यांनी सारा दोष पदवीवर टाकणे मला पटत नाही.

बांधावरून
पूर्वपरीक्षा मी देतो, हे नाकारत नाही. मात्र त्यामागे पदवीचा अहंकार नाही. तलाठ्याच्या वरच्या मंडळ अधिकारी पदावर बढती मिळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते, आणि ती वाट कला शाखेचे माझे सहकारीही पाहत नाहीत, तेही माझ्यासोबतच परीक्षेला बसतात.