मदत हवी आहे: गुडघेदुखी असताना जलद-संथ चालण्याचा व्यायाम करावा का?

माझ्या वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. जपानच्या शिन्शू विद्यापीठातील संशोधकांच्या २००७ मधील अभ्यासानुसार, ३ मिनिटे जलद व ३ मिनिटे संथ अशी किमान ५ आवर्तने आठवड्यातून ४ किंवा अधिक दिवस करणाऱ्यांचा रक्तदाब उतरला आणि मांड्यांची ताकद वाढली, तीही सलग मध्यम गतीने चालणाऱ्यांपेक्षा अधिक. जलद टप्प्यात बोलताना धाप लागली पाहिजे. वडील मात्र सोलापूरच्या कंबर तलावाकडे कोणी ओळखीचे भेटले की थांबूनच गप्पा मारतात! शिवाय जिना उतरताना त्यांचा उजवा गुडघा दुखतो. अशा वेळी जलद टप्पा सुरुवातीला एका मिनिटाचा ठेवलेला चालेल का, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पहाटे किती वाजता निघावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.