प्रति: आपल्या ज्वारीची बिअर का होत नाही?

होते की! आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या होतेय. पण मराठवाड्यात एवढी ज्वारी असून वाळूजच्या बिअर कारखान्यांना बार्लीच का लागते, हा वरचा प्रश्न रास्त आहे.

बार्लीचं पिष्ट 60–65 अंशांना फुलतं आणि त्याची साखर करणारी एन्झाइमं तेवढी उष्णता सोसतात. ज्वारीचं पिष्ट फुलायला 70च्या आसपास किंवा पुढं जावं लागतं. तिथं साखर करणाऱ्यांपैकी बीटा-अमायलेज हे एन्झाइम टिकत नाही, आणि ज्वारीत ते मुळातच कमी. म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या बाया मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून वरची निवळी आधी काढून ठेवतात, खालचा गाळ शिजवतात, तो निवला की निवळी परत घालतात. एन्झाइमं वाचतात. डोकेबाज काम! शिवाय बार्लीचं टरफल गाळताना चाळणीचं काम करतं. ज्वारीला ते नाही, गाळणी तुंबते.

मोड आलेली ज्वारी वाळवून तिचे मोड चोळून झटकायलाच हवेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, तेच सायनाइडचं विष त्यांत असतं.

राहिलं हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचं. ती बिअरमध्ये ‘पहिल्यापासून’ आहेत असं म्हणतात, पण तसं नाही. प्राचीन सुमेरची (आजचा दक्षिण इराक) बिअर त्यांच्याविनाच व्हायची. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या 1516च्या बिअरच्या नियमात पाणी, बार्ली, हॉप्स आहेत, पण बिअर आंबवणारं यीस्ट नाही. शुद्ध यीस्ट वेगळं काढलं ते 1883मध्ये, कार्ल्सबर्ग या डॅनिश बिअर कंपनीतल्या हान्सेननं.