बॅसिनेट घ्यायचंय: कोकणच्या हवेत पोलादी शिरस्त्राण टिकेल का?

दीपमाळ
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत शाळेत इतिहास शिकवते. मध्ययुगीन युरोप शिकवताना मुलांच्या हातात देता येईल अशी चौदाव्या शतकातल्या बॅसिनेटची पोलादी प्रतिकृती घ्यायची आहे. चेहऱ्यावर कुत्र्याच्या नाकाडासारखी पुढे आलेली झडप असते ना, तेच शिरस्त्राण. बजेट ८,००० रुपये, त्यापुढे जमणार नाही. पत्रा किती जाड घ्यावा? आणि गंजाचं काय करावं? घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे.

किल्लेदार७
ताई, ८,००० मध्ये शोभेची वस्तू मिळते. मी चेक कारागिराकडून डोक्याच्या मापाने करवून घेतलं. कस्टम ड्युटी धरून ५० हजारांच्या वर गेलं, पण पैसे वसूल. माथ्यावर पत्रा जाड, कडेला पातळ होत गेलेला, घण मारून घडवल्याशिवाय ते येत नाही. वर्षभर थांबा, पैसे साठवा आणि असंच घ्या.

घाटमाथा
त्यांनी बजेट लिहिलंय हो. आणि युरोप-अमेरिकेत विकली जाणारी कितीतरी शिरस्त्राणं डेहराडून आणि मेरठलाच बनतात, मग उलटा फेरा कशाला? ताई, १६ गेज घ्या. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १८ म्हणजे साधारण १.२ मिमी, १६ म्हणजे १.६ आणि १४ म्हणजे २ मिमी. १८ गेजच्या जाहिरातीत ‘एकदम मजबूत’ लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका.

किल्लेदार७
१६ गेज कमीच पडतं. १४ च्या खाली जाऊ नये.

घाटमाथा
अमेरिकेतल्या एससीए या मध्ययुगीन लढायांच्या हौशी संस्थेचे लोक वेताच्या जाड काठ्यांनी पूर्ण जोर लावून लढतात, त्यांच्या नियमातही किमान १.६ मिमीच आहे. इथे आठवीतली मुलं हाताळणार आहेत.

दुर्गवेडा
आपल्याकडचं शिरस्त्राण का नको? समोर नाकपट्टी, मागे मानेवर कड्यांची जाळी, वर तुऱ्याची नळी. मुलांना आधी ते दाखवा. पुण्याच्या केळकर संग्रहालयात चिलखतं बघून या, डोळे दिपतील.

दीपमाळ
तेही दाखवते, दुर्गवेडादादा. पण हा धडा युरोपचा आहे.

मालवणीवारा
गंजाचं मी सांगतो, माझं सॅलेट, म्हणजे दुसऱ्या घाटाचं युरोपी शिरस्त्राण, मालवणात आहे आणि अजून लखलखीत आहे. कारखान्यातून येताना त्यावर ग्रीसचा थर असतो. तो आधी रॉकेलने पूर्ण काढा, आतूनसुद्धा. कोरड्या कापडाने पुसा, थोडा वेळ उन्हात ठेवून पत्रा कोमट होऊ द्या आणि मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. संग्रहालयंही धातूच्या वस्तूंना हेच लावतात. वाळलं की सुती फडक्याने घासून चमकवा. रिव्हेटच्या कडेला आणि बिजागरीत मेण पोचत नाही, तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब.

मुलांनी हाताळलं की त्याच दिवशी पुसायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे जसेच्या तसे तांबूस उमटतात, अंगठ्याच्या रेषासुद्धा मोजता येतील इतके स्पष्ट. खोबरेल तेल लावू नका, ते चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतली ओल आतच राहते. आणि चामड्याचं अस्तर पाहा. बाहेरून सगळं चकचकीत असतं आणि अस्तर जिथे पत्र्याला टेकतं तिथे गंज धरत असतो. अस्तर सोडवता येणारं असेल तेच घ्या.

सुगरण_साताऱ्याची
चिंच लावा! आमची तांब्या-पितळेची भांडी चिंचेनेच लखलखतात.

मालवणीवारा
तांब्यापितळेला ठीक. पोलादाला आंबट काही लावलं तर गंज निघतो, पण उघडा पडलेला पत्रा लगेच पुन्हा धरतो. तांबूस डाग दिसला तर तेलात भिजवलेलं अगदी बारीक, चार शून्यांचं स्टील वूल, एकाच दिशेने, हलक्या हाताने.

घाटमाथा
खोबरेल नको याला अनुमोदन. आणि १६ गेज.

लीड्सवासी
मी इथे इंग्लंडमध्ये रॉयल आर्मरीज या शस्त्रास्त्रांच्या संग्रहालयात वरचेवर जाते, म्हणून झडपेबद्दल लिहिते. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात १४०० च्या आसपासचं इटालियन बॅसिनेट आहे. त्याच्या झडपेच्या बिजागरीतल्या पिना उपसल्या की झडप हातात येते. स्वस्त प्रतिकृतींत झडप कायमची रिव्हेट केलेली असते, मग खालचा भाग पुसता येत नाही. माझ्या पहिल्या खरेदीत ती पावसाळ्यानंतर अडकूनच बसली आणि विक्रेत्याने हात वर केले. पिना निघतात का, हे विचारूनच पैसे भरा. मानेवरच्या जाळीच्या कड्या नुसत्या टोकाला टोक टेकवलेल्या असतील तर ओढताच उघडतात. रिव्हेट केलेल्या कड्या ८,००० मध्ये बसणार नाहीत.

किल्लेदार७
मग झडपेशिवाय घ्या, जाळीशिवाय घ्या. बॅसिनेटचा घाट तसाही देखणाच.

लीड्सवासी
झडप का हवी, हीच तर मुलांना सांगायची गोष्ट! १४०३ मध्ये श्रूजबरीच्या लढाईत सोळा वर्षांच्या राजपुत्र हेन्रीच्या चेहऱ्यात बाण घुसला. पाते हाडात रुतून बसलं. जॉन ब्रॅडमोर नावाच्या शल्यविशारदाने त्यासाठी खास चिमटा बनवून ते काढलं. पुढे हाच इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री झाला.

दुर्गवेडा
आपल्या नाकपट्टीनेही चेहरा वाचतोच की. तलवारीचा आडवा वार अडतो.

दीपमाळ
सगळ्यांचे आभार. विचार करून मी केटल हॅट मागवली, १६ गेज, रुंद काठाची, पायदळातले शिपाई घालायचे ती. झडप नाही, बिजागरी नाही, जाळी नाही, त्यामुळे ओल अडकायला जागाच कमी. अस्तर दोरीने बांधलेलं आहे, सोडवून वाळवता येतं. आणि ती पाळीपाळीने प्रत्येक मुलाच्या डोक्यावर चढवता येईल. राजपुत्राच्या बाणाची गोष्ट मी सांगणारच आहे, चित्र दाखवून. बजेटमध्ये मेणाचा डबाही बसला.

किल्लेदार७
बॅसिनेटची सर नाही येणार, ताई. पुढच्या वर्षी नक्की घ्या.

मालवणीवारा
चांगली निवड. काठाच्या खालच्या बाजूला मेण नीट लावा. मुलं तिथेच धरणार.

नवखा_पेणचा
धागा आत्ता वाचला. मलाही बॅसिनेट घ्यायचंय, बजेट ६,०००. १८ गेज चालेल का?