गोव्यातल्या रानातला मुक्काम : तुमचे अनुभव लिहा

गोवा म्हटलं की लोकांना समुद्रकिनाराच आठवतो. सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानात इको-लॉजवर किंवा गावातल्या कुणाच्या घरी राहिला असाल, तर इथे लिहा. सुरुवात मी करते.

जुलैत आम्ही दोघं आणि सासूबाई चोर्ल्याला गेलो. साखळी, केरी करत, अंजुणे धरण मागे टाकून घाट चढलो. धुकं इतकं दाट की पुढचं वळण दिसेना. लाकडी खोली, टीव्ही नाही, मोबाईलला रेंज नाही. "इथे करायचं काय?" सासूबाईंनी दोनदा विचारलं. जेवणं झाल्यावर लॉजवर काम करणारा गावातला मुलगा आम्हाला रानवाटेने घेऊन गेला. एका जागी थांबवून त्याने सगळ्यांच्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या. बराच वेळ काहीच दिसेना, नुसता पानांवर पाऊस. मग डोळे सरावले आणि कुजक्या फांद्यांवर फिकट हिरवा उजेड उमटला. पावसाळ्यात उगवणारी बुरशी ती. सासूबाई माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या. सांग्याला आजोळी त्यांनी हा उजेड पाहिला होता. त्यांची आजी त्याला देवचाराची चूड, म्हणजे गावच्या राखणदाराची मशाल, म्हणायची. साठ वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

फोंड्याहून :
आमचा अनुभव वाईट. रानातली शांतता मिळेल म्हणून गेलो, तर रात्री अकरापर्यंत स्पीकर आणि झाडांवर दिव्यांच्या माळा. शेजारच्या व्हाळातले बेडूक गप्प झाले, याचं पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं. बुकिंग करण्याआधी फोन करून एवढं जरूर विचारा.

मडगावहून :
नेत्रावळीला एका घरी दोन रात्री राहिलो. सकाळी पेज आणि तायकिळ्याची भाजी. मागच्या डबक्यावर वाकलेल्या फांदीला पांढरा फेस लटकत होता. काकी म्हणाल्या, "हात लावू नका रे, बेडकाचं घर ते." उडत्या बेडकाची अंडी त्या फेसात असतात, पिल्लं बाहेर पडली की थेट खाली पाण्यात. मुलं तिथून हलेनात. गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी आहे, टाळी वाजवली की बुडबुडे वाढतात म्हणतात. धाकट्याने हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

वाळपईहून :
मी याच भागातला. पाहुणे आले की त्यांना बांबर गावची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, दाखवायला नेतो. जायफळाच्या कुळातली झाडं तिथे दलदलीत उभी आहेत. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती गुडघ्यासारखी वाकून वर येतात. देवाची जागा आहे, त्यामुळे झाड कुणी तोडत नाही. तिथे पाय जपून टाका, मुळं तुडवू नका, एवढी विनंती.

म्हापशाहून :
आईला न्यायचंय, पण जळवांची तिला फार धास्ती. काय करावं?

वाळपईहून :
ताई, ऑगस्टात जळवा असणारच. लांब मोजे, त्यात पँट खोचा. चिकटली तर ओढू नका, तिच्या तोंडाखाली नख सरकवून सोडवा. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, थोडा वेळ वाहत राहील. घाबरू नका, साबणाने धुऊन पट्टी बांधा. आईंना नोव्हेंबरात आणलंत तर जळवा नसतील. पण मग तो हिरवा उजेडही दिसणार नाही.