मदत हवी आहे: स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांबद्दल पेशंटला कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी. मी फार्मासिस्ट, तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. द्राक्षछाटणी सुरू झाली की कंबर-मान आखडलेल्यांची रांग लागते. चिठ्ठीवर टिझानिडीन, क्लोरझॉक्साझोन नाहीतर थायोकोल्चिकोसाइड.

"झोप येईल, गाडी चालवू नका" म्हटलं की मान डोलावतात आणि समोरच बाईकला किक मारतात. दारूचं विचारावं तर शेजारी सून उभी, काका कशाला कबूल करतायत!

टिझानिडीनने बीपी उतरतं, म्हणून झोपेतून ताडकन उठायचं नाही, आधी खाटेच्या काठावर बसायचं, हे मी स्टुलावर बसून करून दाखवते. तेवढं लक्षात राहतं. खरी अडचण पुढे. या गोळीसोबत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक अजिबात चालत नाही, बीपी धोकादायक खाली जाऊ शकतं. पण जुलाब लागले की घरात उरलेली सिप्रो कोणीही गिळतं. लकव्यानंतर बॅक्लोफेन (हीही स्नायू सैल करणारी गोळी) चालू असलेले तर "आता बरंय" म्हणून परस्पर बंद करतात. अचानक थांबवल्यास भास, झटके येऊ शकतात.

हे सगळं न घाबरवता कसं सांगता? जास्त सांगितलं की पाकीट तसंच फडताळात पडतं. क्लोरझॉक्साझोनने क्वचित लघवी नारिंगी होते, हे आधीच सांगावं का? पण सांगितलं तर उद्या कावीळ झाली तरी "गोळीचा रंग" म्हणून बसतील. कोणी नर्स, फिजिओ चित्रांचा कागद वापरत असाल तर त्यात काय ठेवलंत, काय गाळलंत, ते लिहा.